फोर्ड इलेक्ट्रिकमध्ये एवढी का बुडतेय? कट्ट्यावरचा वाद

काल संध्याकाळी टपरीवर पक्याने विषय काढला, फोर्ड शंभर वर्षांच्या वर गाड्या बनवतेय मग २०२४ मध्ये एकट्या इलेक्ट्रिकमध्ये ५ अब्ज डॉलरचा तोटा कसा काय? आकडा त्यांनी स्वतःच दिलेला, २०२३ पासून ते इलेक्ट्रिकचा हिशोब वेगळा दाखवतात. संदीप म्हणाला बॅटरी महाग, विषय संपला.

मी म्हटलं बॅटरी महाग आहेच, आणि फोर्ड मस्टँग मॅक-ईचे, म्हणजे त्यांच्या पहिल्या इलेक्ट्रिक एसयूव्हीचे, बॅटरी सेल एलजीकडून विकत आणायची. चीनची बीवायडी मुळात बॅटरीवाली कंपनी, गाड्यांत २००३ ला उतरली, म्हणजे पीठ घरचं आणि भाकरीही घरचीच. पण सगळं खापर बॅटरीवर फोडणं मला पटत नाही.

आमचा नित्या चाकणला हार्नेसच्या, म्हणजे गाडीतल्या सगळ्या वायरींचा जुडगा बनवणाऱ्या, कंपनीत लाईनवर आहे, त्याने नेमकं सांगितलं. म्हणे, "वायर बोर्डवर पोरी हाताने लावतात रे, एकेक फांदी पिनांमधून वळवून टेप मारायची, वायर जेवढी लांब तेवढं तांबं, तेवढे हात, तेवढं वजन." आणि फोर्डचा सीईओ जिम फार्ली स्वतः बोललाय की टेस्ला उघडून बघितली तेव्हा कळलं, मॅक-ईचा हार्नेस १.६ किलोमीटर जास्त लांब आणि ३२ किलो जड! आता ते वजन ओढायला परत बॅटरी मोठी लागणार.

पक्या म्हणाला एवढी वायर लागतेच कशाला? अरे ब्रेकवाला वेगळा, सीटवाला वेगळा, दारवाला वेगळा, प्रत्येक व्हेंडर आपला कंट्रोलर आणि आपलं सॉफ्टवेअर घेऊन येतो, फार्लीच्याच म्हणण्यानुसार असे दीडशेच्या आसपास मॉड्यूल, सीटचं सॉफ्टवेअर बदलायचं तरी व्हेंडरला विचारा. पेट्रोलच्या गाडीत हे चालून गेलं कारण व्हेंडरचे भाव पाडत पाडत त्यातूनच नफा निघायचा.

संदीप ऐकेना. "टाटाने पण २०२० ला पेट्रोलच्या नेक्सॉनमध्येच बॅटरी बसवली ना?" बरोबर आहे, सुरुवातीचा खर्च वाचतो. पण जुन्या कंपनीला इंजिनचा प्लांट पण चालू ठेवायचा आणि इलेक्ट्रिकचा पण, दोन चुली, आणि दुसरीवर पुरेशा गाड्या नसल्या की प्लांटचा सगळा खर्च थोड्याच गाड्यांवर पडतो. फोर्डच्या व्हॅन-ट्रकच्या धंद्याने त्याच २०२४ मध्ये ९ अब्ज कमावले, त्यावर हा तोटा पोसला गेला. शेवटी डिसेंबर २०२५ मध्ये १९.५ अब्ज डॉलरचा फटका जाहीर केला आणि पूर्ण इलेक्ट्रिक पिकअप एफ-१५० लाइटनिंग बंद.

आता अमेरिकेतल्या लुईव्हिलच्या प्लांटला ३० हजार डॉलरच्या आसपासचा नवा पिकअप बनवणारेत, कोऱ्या कागदावरून डिझाईन केलेला, त्यात पहिल्या इलेक्ट्रिक एसयूव्हीपेक्षा १.२ किलोमीटरहून जास्त वायर कमी. माझ्या मते हाच रस्ता बरोबर आहे आणि मी तसं बोललो.

नित्या गप्प झाला. मग म्हणाला, "आमच्या लाईनला एका शिफ्टला चाळीस पोरी आहेत. एवढी वायर कमी झाली तर त्यातल्या किती राहतील?"