ड्राफ्टिंग म्हणजे सावलीतले काम, ही समजूत सोडायला हवी

जळगावात स्ट्रक्चरल ड्राफ्टिंगचे, म्हणजे इमारतीच्या सांगाड्याची ड्रॉइंग काढण्याचे काम करताना एक वाक्य मला वारंवार ऐकावे लागते: "मुलींसाठी हे बरे आहे, सावलीत बसून करता येते." बोलणाऱ्याच्या मनात काळजीच असते, आणि खान्देशातला मे महिना काढलेल्या माणसाला सावलीचे मोल सांगावे लागत नाही, तरीही या क्षेत्रात आमच्या मुलींची वाटचाल अडते ती याच समजुतीपाशी, असे माझे ठाम मत आहे.

माझ्या पहिल्या नोकरीत माझ्याबरोबर लागलेला मुलगा दुसऱ्या महिन्यापासून साइटवर जाऊ लागला. मी मात्र तीन वर्षे कॉम्प्युटरसमोरच होते. अखेर हट्ट धरून एका स्लॅबच्या चेकिंगला गेले, तेव्हा मीच काढलेल्या बाल्कनीची मुख्य सळई कामगारांच्या पायांखाली दबून खाली गेलेली दिसली. बाल्कनी कॅन्टिलिव्हर असते, म्हणजे एकाच बाजूला आधार असून पुढे मोकळी असते; तिच्यात ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून सळई वरच राहायला हवी. १५० मिमीच्या स्लॅबमध्ये कामाची खोली, म्हणजे स्लॅबच्या खालच्या पृष्ठभागापासून सळईपर्यंतचे अंतर, १२५ वरून ७५ मिमीवर आली, तर ताकद साधारण चाळीस टक्क्यांनी घटते. सळया बांधणाऱ्या फिटरने बांधणी नीट केली होती. सळई वर उचलून धरणाऱ्या चेअर, म्हणजे वाकवलेल्या सळईचे छोटे स्टँड, मीच ड्रॉइंगमध्ये दाखवल्या नव्हत्या, कारण चेअर कशासाठी लागते हे मी कधी डोळ्यांनी पाहिलेच नव्हते. काँक्रीट पडण्यापूर्वी इंजिनिअर साहेबांनी त्या बसवून घेतल्या, म्हणून निभावले. तेव्हापासून माझ्या प्रत्येक बाल्कनीच्या सेक्शनमध्ये चेअर, तिची उंची आणि दोन चेअरमधले अंतर लिहिलेले असते.

बीम-कॉलमच्या उभ्या-आडव्या सळयांना वेढणाऱ्या रिंगांच्या टोकांच्या हुकांचेही तसेच. आयएस १३९२० या भूकंपात टिकणाऱ्या बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे हुक १३५ अंशांत वळवायचा, हे मी जुन्या शीटवरून वर्षानुवर्षे उतरवत आले होते. पण सळयांची गर्दी झालेल्या बीम-कॉलमच्या जोडावर तो वळवताना फिटरची काय तारांबळ उडते ते पाहिल्यावरच तिथले डिटेल मोठ्या स्केलमध्ये वेगळे काढायची सवय मला लागली.

शिक्षणाची वाट आपल्याकडे अवघड नाही. दहावीनंतर आयटीआयचा २ वर्षांचा ड्राफ्ट्समन सिव्हिल ट्रेड करता येतो, आणि पुढे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोयही आहे. घरून काम करण्याला माझा विरोध नाही, लहान मूल असताना मीही दीड वर्ष तसेच केले. परंतु ज्या मुलीने सेंटरिंगवर, म्हणजे काँक्रीट ओतण्यासाठी उभारलेल्या साच्यावर, एकदाही पाय ठेवलेला नाही, तिला दहा वर्षांनंतरही लोक दुसऱ्याचे स्केच उतरवायलाच देतात आणि पगारही त्याच हिशेबाने वाढतो.

म्हणून धुळे, जळगाव, नंदुरबारमधल्या ऑफिसांना माझी कळकळीची विनंती आहे की, मुलीला कामावर घेताना आठवड्यातला एक दिवस साइटचा ठरवून द्यावा, तिच्या जाण्या-येण्याची सोय ऑफिसने करावी, आणि शीटच्या टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे ड्रॉइंगची माहिती लिहिलेल्या चौकटीत, ‘ड्रॉन बाय’समोर तिचे पूर्ण नाव छापावे.