जेरुसलेमची लूट चर्चला अमान्य होती का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. क्रुसेडवरच्या, म्हणजे मध्ययुगातल्या ख्रिस्ती धर्मयुद्धांवरच्या, माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपला आक्षेप असा की, जेरुसलेमची लूट हा लोभी सैनिकांचा अपराध होता, चर्चने तिला कधीच मान्यता दिली नाही आणि मध्ययुगाला आजची मोजपट्टी लावणे अन्यायाचे आहे. पुरावा म्हणून आपण फ्रान्समधल्या क्लेरमाँ येथील १०९५ च्या चर्च-परिषदेचा ठराव दिलात: मानासाठी किंवा पैशासाठी नव्हे, तर केवळ भक्तीने जो जेरुसलेमला जाईल, त्याचीच यात्रा प्रायश्चित्त म्हणून धरली जाईल.

ठराव खरा आहे. पण त्याला काळजी आहे ती जाणाऱ्याच्या आत्म्याची. ज्याचे घर लुटले जाणार, तो त्यात कुठेच नाही. १५ जुलै १०९९ रोजी जेरुसलेम क्रुसेडवाल्यांच्या हाती पडले. जो ज्या घरात आधी शिरला, त्याचे ते घर झाले, आतल्या चीजवस्तूंसकट, आणि कितीतरी गरीब असे श्रीमंत झाले, हे फुल्शेर द शार्त्र लिहितो. गिळलेली सोन्याची नाणी मिळावीत म्हणून प्रेतांचे ढीग जाळले, हेही तोच सांगतो. हा माणूस धर्मगुरू होता, क्रुसेडचा नेता बाल्डविन याच्या पदरचा. घरांच्या त्या वाटणीबद्दल त्याच्या लिखाणात खंत नाही. उलट १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल लुटले गेले, तेव्हा पोप तिसऱ्या इनोसंटने क्रुसेडवाल्यांची कडक शब्दांत निर्भर्त्सना केली. तिथले लोक ख्रिस्ती होते.

क्लेरव्होच्या बर्नार्डचे उदाहरण मला सर्वांत अस्वस्थ करते. १०९६ मध्ये ऱ्हाइनकाठी ज्यूंची कत्तल झाली होती. ती पुन्हा होऊ नये म्हणून ११४६ मध्ये हा साधू स्वतः जर्मनीत गेला, चिथावणीखोर प्रचारकाला त्याने गप्प केले. हे श्रेय त्याला द्यायलाच हवे. पण पुढच्याच वर्षी एल्ब नदीपलीकडच्या मूर्तिपूजक वेंडांविरुद्ध (हे स्लाव लोक) त्याने क्रुसेडवाल्यांना बजावले की, पैसा किंवा खंडणी घेऊन तह करू नका. त्यांचा धर्म तरी संपला पाहिजे, नाहीतर ते लोक तरी. म्हणजे पैशाचा मोह निषिद्धच होता. माणसे मात्र त्या निषेधाने वाचणार नव्हती.

राहिली मोजपट्टी. ती मी आजची लावलेली नाही. तेराव्या शतकात पोप चौथ्या इनोसंटने, जो मुळात कायदेपंडित होता, लिहून ठेवले की अख्रिस्ती लोकांची मालमत्ता आणि राज्ये न्याय्य आहेत. देवाचा सूर्य सज्जन-दुर्जन सर्वांवर उगवतो. त्याने यालाही अपवाद ठेवले, हे खरे. त्याच शतकातला चर्चचा कायदेपंडित होस्टिएन्सिस याने तर उलट मांडले: ख्रिस्त आल्यावर ते सारे हक्क ख्रिस्ती लोकांकडे आले. पुढे पंधराव्या शतकात, कॉन्स्टान्सच्या चर्च-परिषदेत, पोलंडचा कायदेपंडित पावेल व्हुओद्कोवित्स याने ट्यूटॉनिक सरदारांविरुद्ध (हा जर्मन लढवय्या धर्मसंघ) अख्रिस्तींच्या हक्काची बाजू लढवली. वाद चर्चच्या घरातच चालू होता, म्हणूनच १४५२ चे फर्मान अजाणतेपणी निघाले असे मी मानत नाही. त्यात पोप पाचव्या निकोलसने पोर्तुगालच्या राजाला मुसलमान आणि इतर अख्रिस्तींवर चाल करून त्यांचे प्रदेश व मालमत्ता घ्यायला, त्यांना कायमचे गुलाम करायला परवानगी दिली. १४५५ मध्ये तिला दुजोरा मिळाला. ज्या राज्याला ती मिळाली, त्यानेच १५१० मध्ये गोवा घेतला.

‘लुटीला धर्माचे पाठबळ होते’ हे लेखातले वाक्य काढून टाका, असे आपण सुचवलेत. ते मी ठेवतो आहे. जेरुसलेमच्या मुसलमानांना त्यांची घरे परत करा असे सांगणारे त्या काळातले पोपचे एखादे पत्र आपल्याला माहीत असेल, तर जरूर कळवा. लेखात ते पहिल्या परिच्छेदातच घालीन.