‘एअरबॅग उघडली नाही, गॅरेजवाल्यांनी वायर काढली’ या रिव्ह्यूला मालकाचं उत्तर

नमस्कार साहेब. गाडीतलं कुणाला फारसं लागलं नाही हे तुमच्याच रिव्ह्यूत वाचलं, बरं वाटलं. एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क. पण “बंपर बदलताना सेन्सरची वायर काढून ठेवली, म्हणून हळदी गावाजवळ उसाच्या ट्रॉलीला धडकल्यावर सहापैकी एकही एअरबॅग उघडली नाही” हा आरोप चारचौघांत केलाय, म्हणून उत्तरही इथंच देतो.

सेन्सरची वायर निघालेली असती तर मीटरमधला एअरबॅगचा लाल दिवा विझलाच नसता. चावी फिरवली की तो लागतो, एअरबॅगचं कंट्रोल युनिट सगळी जोडणी तपासतं आणि ठीक असेल तरच काही सेकंदांत दिवा बंद होतो. गाडी नेताना हे तुम्हाला दाखवलं होतं. जॉब कार्डवर तशी नोंद आहे, खाली तुमची सही आहे.

आता ट्रॉलीचं. बॉनेट किती चेपलं यावर एअरबॅग उघडत नाही. गाडीचा वेग किती झटक्यात तुटला, हे युनिट बघतं. ते मधल्या कन्सोलखाली असतं, बऱ्याच गाड्यांत पुढं रेडिएटरच्या आसपासही सेन्सर असतात. दोन्हीकडचा झटका जुळला तरच युनिट हुकूम सोडतं, आणि हे सगळं 15 ते 30 मिलिसेकंदांत. भक्कम भिंतीला समोरून आदळली तर साधारण ताशी 13 ते 22 किलोमीटरलाही एअरबॅग उघडू शकते. बेल्ट लावलेला असेल तर काही गाड्यांत ही मर्यादा 25 च्या आसपास ठेवलेली असते. मॉडेलप्रमाणे आकडे बदलतात.

तुमची गाडी भिंतीला आदळली नाही, ट्रॉलीच्या खाली घुसली. खालचा बंपर आणि चासीचे दांडे, जिथून खरा झटका सेन्सरपर्यंत जातो, ते बरेचसे शाबूत राहिले. मार बॉनेट आणि काचेनं खाल्ला. पत्रा चेपत चेपत गाडी थांबली, म्हणजे बघणाऱ्याला भयंकर, पण सेन्सरच्या हिशोबात वेग हळूहळू उतरला. उसाच्या सीझनमध्ये अशा गाड्या आमच्याकडं येतातच. मागं रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर येतात, त्यावर मात्र कुणी रिव्ह्यू लिहीत नाही. बाजूच्या आणि खिडकीवर पडद्यासारख्या उतरणाऱ्या एअरबॅगा तर समोरच्या धडकेत सहसा उघडायच्याच नसतात.

तुमच्याच रिव्ह्यूत एक ओळ आहे : “वर बेल्टपण जाम झालाय, आत जात नाही.” साहेब, धडकेच्या क्षणी बेल्ट आवळणारा प्रीटेन्शनर एकदा चालला की बेल्ट असाच अडकतो. त्याला हुकूम देणारं युनिट तेच, आणि त्याची मर्यादा एअरबॅगपेक्षा खाली असू शकते. तसं असेल तर युनिट जागं होतं, धडक त्याला कळली होती, बेल्टवर भागेल असं त्यानं ठरवलं. एअरबॅग ताशी 300 किलोमीटरच्या आसपास वेगानं तोंडावर येते. गरज नसताना उघडली तर तीच इजा करते.

आणखी एक आठवण देतो, राग मानू नका. बंपर बदलायला आलात तेव्हाच तुम्ही पुढं लोखंडी गार्ड बसवून मागितला होता, आम्ही नाही म्हटलं. केंद्र सरकारनं 2017 मध्येच त्यावर बंदी आणलीय. चासीला बोल्ट केलेला गार्ड धडकेचा झटकाच बदलतो, मग सेन्सरचा हिशोब चुकू शकतो.

हे झालं माझं म्हणणं. ते तपासताही येतं. विम्याच्या सर्व्हेअरसमोर कंपनीच्या टूलवर युनिट वाचून घ्या. बऱ्याच गाड्यांत धडकेच्या क्षणी दिवा चालू होता का, बेल्ट लावला होता का, वेग किती तुटला, हे साठवलेलं असतं. तोवर कुणाला युनिटमधले बिघाडाचे कोड पुसू देऊ नका, युनिट बदलू देऊ नका आणि बेल्टही तसाच राहू द्या. कधी वाचायचंय ते कळवा, जॉब कार्ड घेऊन मी स्वतः येतो.