बसेंजी सूड उगवायला पलंगावर शू करत नाही

कुत्री पाळणाऱ्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर बसेंजीबद्दलचा एक मजकूर सध्या जोरात फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: हा आफ्रिकी कुत्रा भुंकत नाही, मांजरासारखा स्वच्छ असतो, म्हणून फ्लॅटमध्ये पाळायला झकास. पण अकलेनं सगळ्या जातींत शेवटून दुसरा आणि स्वभावानं डूख धरणारा. ओरडलात की मुद्दाम तुमच्या पलंगावर शू करून ठेवतो, पाऊस दिसला की हटून बसतो. उपाय काय, तर त्याचं नाक त्या ओल्या जागी घासा, मालक कोण ते दाखवून द्या आणि तरी सुधारला नाही तर रात्री बाहेर बांधा.

मी सिएटलजवळ राहते, आमच्या घरात बसेंजी आहेत, आणि 'आमचा असं का करतो गं?' असं विचारणारे फोन मला इथूनही येतात, पुण्या-मुंबईहूनही येतात. हा मजकूर खरा मानून कुणी खरंच नाक घासलं, तर मार एखाद्या आजारी जनावराला बसू शकतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते आहे.

'रागावलं की खुन्नस काढतो.' खुन्नस काढायची तर झालेला अपमान लक्षात ठेवावा लागतो, मालकाला लघवीची किळस वाटते हे कळावं लागतं आणि मग वेळ साधून तिचा वापर करावा लागतो. कुत्र्याला मुळात लघवीची किळसच नसते. त्याच्या लेखी तो वास म्हणजे कोण आलं, कोण गेलं याची बातमी. आता लोक म्हणतात, 'अहो, पण मी घरात शिरताच तो कान पाडून कोपऱ्यात जातो, म्हणजे चूक त्याला कळलेली असते.' अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधिकेनं 2009 मध्ये नेमकं हेच तपासलं. 14 कुत्रे आणि त्यांचे मालक घेतले. मालक खोलीबाहेर असताना कुत्र्यानं मना केलेला खाऊ खाल्ला की नाही, याची माहिती मालकांना कधी खरी दिली, कधी खोटी. तो 'अपराधी' चेहरा चुकीशी जोडलेला निघाला नाही, मालकाच्या ओरडण्याशी जोडलेला निघाला. काहीही न केलेले कुत्रेसुद्धा ओरडा बसला की तसाच चेहरा करत होते. तो चेहरा भीतीचा आहे, भांडण मिटवण्याचा आहे.

नाक घासल्यावर कुत्रा शिकतो एवढंच, की या माणसासमोर शू केली तर धोका असतो. मग तो तुमच्यासमोर करायचं सोडतो. सोफ्यामागे करतो, पलंगाखाली करतो, आणि बाहेर पट्ट्याला धरून उभे राहिलात तरी करत नाही, कारण तिथेही तुम्ही समोर असता. त्यावर मालक म्हणतात, बघा किती लबाड आहे.

मग पलंगच का? पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं झालं की झोपायच्या जागेपासून लांब सरकून शू-शी करू लागतं. त्यानंतरच्या पाच-सहा आठवड्यांत पायाखाली जे लागेल, गवत, माती, वर्तमानपत्र की गोधडी, त्याची सवय पक्की बसत जाते. ब्रीडरनं त्या काळात पिल्लांना सतत चादरी आणि मऊ पॅडवर ठेवलं असेल, तर मऊ आणि शोषून घेणारं काहीही त्यांना योग्य जागाच वाटतं. तुमची गादी त्यात चपखल बसते. शिवाय बसेंजीला पाय ओले झालेले अजिबात खपत नाहीत. फरशीवर शिंतोडे उडतात, रजईवर उडत नाहीत. माझ्या मते हेही त्यामागचं एक कारण आहे. एकटं पडल्यावर घाबरणारे कुत्रे मालकाच्या वासाच्या जागी जाऊन बसतात आणि तिथेच त्यांचा ताबा सुटतो. म्हणून तुम्ही कामावर गेल्यावरच हे घडतं. याला सूड म्हणणं म्हणजे घाबरलेल्या जिवावर आळ घेणं आहे.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले तो मुद्दा. दोन-तीन वर्षं घरात एक थेंब न सांडलेला बसेंजी चार-पाच वर्षांचा झाल्यावर अचानक घरात शू करू लागला, तर त्याच्या वागण्याचा विचार मागाहून करा, आधी मूत्रपिंडांचा करा. या जातीत फॅन्कोनी नावाचा आनुवंशिक आजार आहे. मूत्रपिंडातल्या ज्या नलिकांनी साखर, अमिनो आम्लं, क्षार आणि बायकार्बोनेट परत रक्तात ओढून घ्यायचं, त्या ते काम सोडू लागतात. सगळं लघवीवाटे वाहून जातं, आणि त्याच्यासोबत पाणीही. कुत्रा पाण्याचं भांडं चाटून कोरडं करतो, तळं साचेल इतकी शू करतो, रात्रभर रोखून धरणं त्याला शक्यच नसतं. हळूहळू मांड्यांवरचं मांस झडतं. आजार बहुधा चार ते आठ वर्षांच्या दरम्यान डोकं वर काढतो, म्हणजे मालकाला 'आता हा शिकलेला आहे' अशी खात्री वाटू लागते त्याच वयात. अशा वेळी 'मुद्दाम करतो' म्हणून पाण्याचं भांडं उचलून ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. फॅन्कोनी झालेल्या कुत्र्याचं पाणी तोडणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ.

पहिली तपासणी अगदी साधी आहे. मधुमेही माणसं लघवीतली साखर बघायला वापरतात ती औषधाच्या दुकानातली पट्टी. सकाळी कुत्रा शू करायला उभा राहिला की धारेखाली पट्टी धरायची, डबीवर लिहिलेला वेळ जाऊ द्यायचा आणि तिचा रंग डबीवरच्या रंगांशी ताडून बघायचा. आमच्याकडे तीन वर्षांपुढच्या प्रत्येक बसेंजीची अशी तपासणी दर महिन्याला होते. पट्टीचा रंग बदलला तर लगेच रक्तातली साखर बघून घ्यायची. लघवीत साखर आणि रक्तात मात्र नेहमीइतकीच, असं निघालं तर संशय फॅन्कोनीचा. इथे एक धोका आहे. ज्या व्हेटनं हा आजार कधी पाहिलेला नाही, तो पट्टी पाहून मधुमेह ठरवू शकतो, आणि रक्तातली साखर नेहमीसारखी असलेल्या कुत्र्याला इन्सुलिन टोचलं तर तो दगावू शकतो. त्यामुळे 'फॅन्कोनी असेल का?' हा प्रश्न मालकानंच विचारायला हवा.

वेळेवर सापडलं तर बायकार्बोनेटच्या गोळ्या, क्षार-जीवनसत्त्वांची भर आणि ठरावीक रक्ततपासण्या यांच्यावर हे कुत्रे चांगले जगतात. अशा 60 कुत्र्यांची एक पाहणी 2004 मध्ये प्रसिद्ध झाली. निदानानंतर त्यातले निम्म्याहून जास्त कुत्रे पाच वर्षांहून अधिक जगले. आजार आई आणि बाप दोघांकडून सदोष जनुक आलं तरच होतो. मिसुरी विद्यापीठानं 2007 मध्ये त्यासाठी डीएनए चाचणी काढली आणि 2011 पासून थेट त्या जनुकाचीच चाचणी करता येते. तरीही लोक पिल्लू घेताना रंग विचारतात, शेपटीचा वेटोळा बघतात, आणि आई-बापाचे अहवाल मागत नाहीत.

'मांजरासारखा स्वच्छ असतो.' अंग चाटून साफ ठेवतो, अंगाला वास फारसा येत नाही, हे खरंच. पण त्याचा शू-शीच्या शिकवणीशी काही संबंध नाही. मांजर आपसूक वाळू शोधतं, कुत्र्याला जागा शिकवावी लागते, बसेंजीलाही. पिल्लू झोपून उठलं, जेवलं, खेळून थांबलं की बाहेर न्यायचं, काम झाल्या क्षणी तिथेच खाऊ द्यायचा. घरात झालंच तर फिनेल मारू नका. त्याचा वास तुमच्या नाकाला पुरतो, कुत्र्याच्या नाकाला खालची लघवी लागतेच. एन्झाइमवालं क्लीनर वापरा. न भुंकण्याबद्दल एवढंच सांगते, की बसेंजी सलग भुंकत नाही, पण आलापासारखा लांब सूर लावतो, आणि एकटा ठेवला तर असा किंचाळतो की सोसायटीची तक्रार यायची ती येतेच.

'पाऊस दिसला की हट्ट धरतो.' सिएटलचा हिवाळा म्हणजे महिनोन्‌महिने भुरभुर पाऊस, त्यामुळे हे मी रोज बघते. आमची थोरली कुत्री उंबऱ्याशी येते, एक पुढचा पाय उचलून हवेत धरते, कपाळावरच्या आठ्या आणखी गोळा होतात, आणि मागच्या मागे दोन पावलं सरकते. ओढलं तर चारही पाय रोवून बसते. काँगो खोऱ्यातल्या पावसाळी जंगलातून आलेल्या जातीला पाणी नकोसं वाटावं, हे ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही, पण बहुतेक बसेंजी असेच असतात. यावर उपाय ओढाताण नाही, छप्पर आहे. आम्ही मागच्या दारी पत्र्याखाली खऱ्या गवताचा तुकडा केला आहे. मुंबईत जूनपासून हाच प्रश्न येतो, तिथे बाल्कनीत हिरवळीचा ट्रे ठेवून काम भागतं. मात्र ट्रे पावसाळ्याआधीच ठेवा, कोरड्या दिवसांत सवय होऊ द्या.

बाहेर नेल्यावर अर्धा तास वास घेत हिंडतो पण शू करत नाही, ही दुसरी तक्रार. त्यात चूक बहुतेकदा माणसाच्या घाईची असते. आपण काय करतो? त्यानं शू केली रे केली की लगेच घरी वळतो. कुत्र्याच्या ध्यानात येतं की शू झाली म्हणजे फिरणं संपलं. मग तो शू लांबवतो. क्रम उलटा करा, आधी शू आणि मग मनसोक्त फिरणं, आणि बघा काय होतं ते.

आणखी एक गोष्ट मजकूर लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. इतर बहुतेक जातींची कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, बसेंजी एकदाच, तेही शरदात. दिवस लहान होत जातात त्याच्याशी ते चक्र बांधलेलं असतं, हे 1950 च्या दशकातच दाखवून दिलं गेलं. उत्तर गोलार्धात सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात माद्या वारंवार थोडी थोडी शू करून खूण ठेवतात, आणि आसपासचे नरही दारं-खुर्च्यांवर तंगडी वर करतात. 'वर्षभर शहाणी होती, आता पुन्हा बिघडली' असा फोन मला ऑक्टोबरात हमखास येतो.

'अकलेनं शेवटून दुसरा.' मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांच्या 1994 च्या क्रमवारीत बसेंजी 79 पैकी 78 वा आहे, ही माहिती खरी. पण ती क्रमवारी उत्तर अमेरिकेतल्या सुमारे दोनशे आज्ञापालन-परीक्षकांच्या मतांवरून केलेली आहे. सांगितलेलं किती लवकर ऐकतो, एवढंच तिच्यात मोजलंय, आणि उपजत बुद्धी व स्वतःहून प्रश्न सोडवण्याची बुद्धी वेगळी, हे खुद्द कोरेननंच सांगितलं आहे. बसेंजीचं काम काय होतं? काँगोतल्या इतुरीच्या जंगलात शिकारी जाळी लावून थांबायचे, आणि गळ्यात लाकडी घंटा बांधलेले हे कुत्रे झाडीत घुसून जनावर जाळ्याकडे हाकायचे. तिथे मालक दिसतही नाही. क्षणाक्षणाला निर्णय कुत्र्यानंच घ्यायचा. पिढ्यानपिढ्या ज्याला हेच करायला लागलं, तो 'बस' म्हटल्यावर आधी विचार करणारच.

'मालक कोण ते दाखवा.' कळपात एक जण जोर दाखवून बाकीच्यांना दाबतो, ही यामागची कल्पना 1947 च्या सुमारास बंदिस्त जागेत, एकमेकांना अनोळखी लांडग्यांवर केलेल्या निरीक्षणातून आली. जंगलातला कळप बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं असा असतो, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी 1999 मध्ये मांडलं. त्याआधी त्यांनी स्वतःच त्या जुन्या कल्पनेचा प्रसार केला होता. बसेंजीच्या मानगुटीला धरून दाबलंत तर तो घाबरतो, नाहीतर चावतो. शू कुठे करायची ते त्याला यातून कळत नाही.

'बाहेर बांधा.' आखूड केसांचा, दहा-अकरा किलोचा, कुंपण चढून जाणारा आणि समोर मांजर पळालं की रस्ता न बघणारा हा कुत्रा. बाहेर बांधल्यावर तो एकतर गारठतो, नाहीतर सुटून गाडीखाली येतो. आत शू करणं बंद झालं असं वाटतं, कारण ती आता तुम्हाला दिसत नाही. कारण लघवीतला संसर्ग असेल किंवा फॅन्कोनी असेल, तर तो आजार तिथे अंधारात वाढत राहतो. तुमच्या ओळखीत कुणी कंटाळून बसेंजी देऊन टाकायच्या विचारात असेल, तर त्यांना आधी लघवीची तपासणी करून घ्यायला सांगा, आणि मला फोन करायला सांगा.