निळी रेषा, लाल रेषा आणि मधला भराव

ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, तेव्हा असं पाणी आपल्या हयातीत पुन्हा येणार नाही असंच कोल्हापुरात बहुतेकांना वाटलं. जुलै २०२१ मध्ये तिनं ५६ फूट ओलांडले. धोका पातळी ४३ फुटांची आहे! दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला.

पाणी ओसरलं की अलमट्टी आणि राधानगरी धरणांच्या दरवाजांवर वाद सुरू होतो. तो व्हायलाच हवा. पण पुराचं पाणी कुठवर येतं ते नकाशावर दाखवणाऱ्या शहराच्या पूररेषेबद्दल एवढ्या तावातावानं कुणी बोलत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला बंदी. निळी ते लाल या पट्ट्यात मात्र जोतं लाल रेषेच्या ४५ सेंटिमीटर वर घेतलं की परवानगी मिळू शकते. माझा आक्षेप इथंच आहे. जोतं उंच करायचा सोपा मार्ग म्हणजे डंपरनं मुरूम आणून भराव टाकणं. नवी इमारत कोरडी राहते, आणि त्या जागेवर पसरून थांबणारं पाणी शेजारच्या जुन्या बैठ्या घरात शिरतं. त्या घरातल्या माणसांनी कुठलाच नियम मोडलेला नसतो.

म्हणून या पट्ट्याचा नियम इमारतीच्या उंचीवर न ठरवता पाण्याला किती जागा उरते यावर ठरवा. भराव पूर्ण बंद. बांधायचंच असेल तर खांबांवर, खाली पाणी वाहायला मोकळं. तळघर नको, दवाखाना तर नकोच. आणि रेषा २०१९, २०२१ चं पाणी धरून आखा, शहरातल्या जयंती नाल्यात शिरणारा नदीच्या पाण्याचा फुगवटाही त्यात मोजा.

ज्यांची वडिलोपार्जित शेती या पट्ट्यात आहे, त्यांना नुसतं ‘बांधू नका’ म्हणणं अन्यायाचं आहे. शेजारच्या गुंठ्याला सोन्याचा भाव आणि यांच्या वाट्याला फक्त बंदी! त्यांना टीडीआर (दुसऱ्या जागी वापरता येणारा बांधकामाचा हक्क) द्या, तो उंचावरच्या भागात वापरता येऊ दे. हे केलं नाही तर रेषा सरकवण्यासाठी दबाव येत राहणार, आणि तो आणणारे सगळेच काही बिल्डर नसतील.

प्लॉट घेणाऱ्यांनो, सातबारा बघता तसा पूररेषेचा नकाशाही मागा. एजंटच्या तोंडी शब्दावर इसार देऊ नका.