एका स्टारला उत्तर: कुलर खोलीत नाही, भिंतीत लागतो

नमस्कार भाऊ. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलेली तक्रार थोडक्यात अशी: १० बाय १२ फुटांची पत्र्याची खोली, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडून कुलर आणि पांढऱ्या धिंगरी अळिंबीचं म्हणजे ऑयस्टर मशरूमचं (फ्लोरिडा जात) स्पॉन, म्हणजे बियाणं, नेलं, ६० बेड (स्पॉन मिसळलेल्या भुशाच्या पिशव्या) भरले. दुपारी पारा ३६ च्या खाली येईना, ४० बेड बुरशीने हिरवे पडले, आणि फोन केल्यावर दुकानातून "पाणी मारत राहा" एवढंच उत्तर मिळालं.

यात दोन चुका आमच्या आहेत. एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीसाठी फ्लोरिडा द्यायलाच नको होतं. आणि "पाणी मारा" हा सल्ला तुमच्या खोलीत उलटा पडणार होता. तो का, ते खाली येईलच. बाकीचं तुम्ही टाकलेल्या दुसऱ्या फोटोत दिसतं: कुलर खोलीच्या मध्यभागी स्टुलावर, आणि खिडकीला प्लॅस्टिक ठोकलेलं.

कुलर गारवा तयार करत नाही. कोरडी हवा ओल्या जाळीतून ओढतो, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्ची पडते, बस्स. म्हणून त्याला सतत बाहेरची कोरडी हवा लागते. बंद खोलीत तो तीच ती हवा फिरवतो. पंधरा-वीस मिनिटांत हवा ओलीचिंब होते, वाफ होणं थांबतं आणि उरतो नुसता पंखा. त्यावर तुम्ही फवारा मारलात, म्हणजे उरलीसुरली कोरडी जागाही भरून टाकली. ३६ अंश, दमट, कोंदट. हिरव्या बुरशीला याहून चांगलं घर सापडणार नाही.

कुलर किती थंड करील हे आधी काढता येतं. दोन साधे थर्मामीटर घ्या, एकाच्या टोकाला ओलं सुती फडकं गुंडाळा आणि बाहेर सावलीत दोन्हींना पंख्याचा वारा द्या. समजा दुपारी कोरडा ४१ दाखवतो आणि ओला २२. फरक १९. चांगल्या जाळीचा कुलर त्यातला पाऊण भाग खाली आणतो, म्हणजे साधारण १४ अंश, आणि हवा २७ ची मिळते. जाळी अर्धी सुकलेली किंवा क्षारांनी बुजलेली असेल तर निम्माच फरक तुटतो आणि तुम्ही ३१-३२ वर अडकता. हाच प्रयोग श्रावणात करा: कोरडा ३०, ओला २७. तेव्हा कुलर जेमतेम दोन अंश देतो, मग तो कोणत्याही कंपनीचा असो.

आता फ्लोरिडाला कोंब फुटायला २५ च्या आत तापमान लागतं. म्हणजे कुलर अगदी नीट बसवला असता तरी ऐन दुपारी ते जमलं नसतं. दुधी अळिंबी (मिल्की मशरूम) मात्र ३० ते ३५ ला येते.

बेडचं आणखी एक. स्पॉन रनच्या काळात, म्हणजे बियाण्याचे पांढरे धागे भुशात पसरत असताना, बेड स्वतः तापतो, आतलं तापमान खोलीपेक्षा तीन-चार अंश जास्त असतं. खोली ३६ म्हणजे बेडचं पोट ४० च्या घरात. धिंगरीची वाढ ३५ च्या पुढे थांबते, हिरवी बुरशी तेवढ्यात जागा धरते. लांब सुईचा डिजिटल थर्मामीटर बेडात खुपसून बघत जा, भिंतीवरच्या काट्यावर विसंबू नका. दोन बेडांत वीतभर अंतर हवं. तुमचे एकमेकांना चिकटलेले होते.

तर बसवायचं कसं. कुलर सावलीच्या, शक्यतो उत्तरेच्या भिंतीत, पाठ बाहेर आणि तोंड आत. समोरच्या भिंतीत पत्र्याखाली दीड बाय दीड फुटाचं भोक, त्याला बारीक जाळी. तासाला १५०० घनमीटर हवेच्या कुलरला एवढी वाट पुरते. ही वाट नसेल तर दार किलकिलं ठेवावं लागतं आणि माशा आत शिरतात. झोत थेट बेडांवर नको, कोंब सुकतात. मध्ये गोणपाट टांगा. कुलरची हवा साधारण ६५ टक्के आर्द्रतेची असते. ती ८०-८५ टक्क्यांपर्यंत न्यायला जमिनीवर दोन-तीन इंच वाळू अंथरून ती ओली ठेवा. वीज गेल्यावर तासभर तीच वाळू सांभाळून घेते.

पण आधी पत्रा. मेच्या उन्हात तो ६० च्या पुढे जातो, आणि १२० चौरस फुटांचा उघडा पत्रा खाली जवळजवळ अडीच किलोवॅट उष्णता फेकतो, म्हणजे पाऊण टनाच्या एसीचं अख्खं काम. खालून ५० मिलिमीटरचं थर्माकोल, सांधे टेपने बंद, की तीच उष्णता पाव किलोवॅटच्या आसपास येते. वरून चुना आणि शेडनेट. गावात माळवदाची जुनी खोली रिकामी असेल तर पत्र्याचा हट्ट सोडा, राव. आजोबांची पांढरी माती आमच्या थर्माकोलपेक्षा बरी.

एसीबद्दल विचारलंय. थर्माकोल लावल्यावर दीड टन पुरेल, पण एसी हवा सुकवतो आणि तीच हवा फिरवतो, त्यामुळे फॉगर (बारीक धुक्यासारखा फवारा सोडणारं यंत्र) आणि ताज्या हवेसाठी छोटा एक्झॉस्ट वेगळा लागतो. दुधीसाठी तो खर्च करू नका.

शेवटचा खर्च पाण्याचा, जो आमच्या पत्रकात लिहिलेला नव्हता. असा कुलर तासाला आठ-दहा लिटर पितो, दिवसरात्र चालवला तर २०० लिटर. बोअरचं पाणी १००० टीडीएसचं (लिटरमागे एक ग्रॅम विरघळलेले क्षार) असेल तर रोज पाव किलोला थोडे कमी क्षार जाळीवर आणि टाकीत राहतात. टाकी एक दिवसाआड पूर्ण रिकामी करून नवीन पाणी भरा. नुसती भर घालत राहिलात तर महिन्यात जाळी दगड होते.

आमच्याकडून: बेडाला २०० ग्रॅम धरून दुधीचं १२ किलो स्पॉन बिनपैशाने, आणि कुलर भिंतीत बसवायला फिटर येईल, मजुरी आमची. थर्माकोल तुमचं. हिरवे पडलेले बेड तोपर्यंत खोलीबाहेर न्या, पिशवी न फोडता लांब खड्ड्यात पुरा, आणि भिंती-जमीन २ टक्के फॉर्मेलिनने फवारून खोली दोन दिवस बंद ठेवा. फवारताना मास्क आणि चष्मा लावा. नंतर वास पूर्ण जाईपर्यंत दार उघडं ठेवा. फिटरला त्यानंतरच बोलवा.