पाकीट फुटकं आलं तर काय करावं

मुंबईहून आलेलं पाकीट कडेने उसवलेलं दिसलं, की तुम्ही तावातावाने शाखा डाकघर गाठता. ही सवय सोडा. ते डाकघर कुणाच्या तरी पडवीत, दिवसातून चार-पाच तास उघडं. ग्रामीण डाक सेवकाच्या हातात सरकारने यंत्र दिलंय, यंत्राला रेंज नाही, म्हणून तो बिचारा ते उंच धरून माडाखाली उभा. पाकीट पावसाने फोडलं, उंदराने की सरकारने, हे त्याला कसं ठाऊक असणार?

अशा वेळी शहाण्या माणसाने कायदा आठवावा आणि निवांत व्हावं. 1898 च्या टपाल कायद्यात कलम 26 होतं. सार्वजनिक आणीबाणी किंवा लोकांची सुरक्षितता, शांतता एवढं म्हटलं की सरकारला टपाल अडवता येई. गोऱ्या साहेबाने स्वतःच्या सोयीसाठी केलेली ही तरतूद आपण आजोबांच्या पानदानासारखी जपली. 1986 साली तर ती आणखी ऐसपैस करणारं विधेयक आलं आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांनी मंजूरही केलं. म्हणजे लोकप्रतिनिधींची देखरेख झाली. आता काळजी कसली?

अडचण केली राष्ट्रपती झैलसिंग यांनी. त्यांनी सही केली नाही आणि विधेयक परतही पाठवलं नाही. सही किती दिवसांत करावी हे घटनेत लिहिलेलंच नाही. पंतप्रधानांशी त्यांचं बिनसलं होतं, हेही खरं. पण ही युक्ती तुम्ही शिकून घ्याच. चुलतभाऊ आंब्याच्या बागेच्या वाटणीपत्रावर सही मागायला आला, की हो म्हणू नका, नाही म्हणू नका. चहा पाजा, कागद फडताळात ठेवा. पुढचे राष्ट्रपती वेंकटरामन यांनी जानेवारी 1990 मध्ये विधेयक फेरविचारासाठी परत धाडलं आणि 2002 मध्ये ते मागे घेतलं गेलं. सोळा वर्षं! एवढ्या काळात आपल्याकडे वाटणीचा दावा जेमतेम रंगात येतो.

मग आला 2023 चा नवा कायदा. 18 डिसेंबरला लोकसभेने तो आवाजी मतदानाने मंजूर केला आणि त्याच दिवशी तिथले 33 खासदार निलंबित झाले. प्रश्न विचारणारे बाहेर असले की आवाजी मतदानात आवाज कसा एकसुरी, गोड लागतो. ग्रामसभेतही करून पाहा. 18 जून 2024 पासून कायदा लागू आहे. जुन्या कायद्यात बेकायदा पत्र फोडणाऱ्या टपाल कर्मचाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होती. नव्यात तो गुन्हाच उरला नाही. पत्र अडवायची कारणं मात्र वाढली. राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था आणि ‘आणीबाणी’ही, जिची व्याख्या दिलेली नाही. तेव्हा पाकिटाला डिंक बेताचाच लावा, उघडणाऱ्याला त्रास नको. आणि लेकीला हापूसची पेटी पाठवलीत, ती उशिरा पोहोचून आंबे नासले, तर ओरडू नका. नियमांत जेवढी जबाबदारी नमूद असेल तेवढीच डाकघराची. बाकीचा रस तुमचा.

राहता राहिला दर. या बाबतीत आपले पूर्वज फार हट्टी. 1879 मध्ये पोस्टकार्ड पाव आण्याला निघालं, 1922 मध्ये अर्धा आणा झालं, आणि मध्यवर्ती विधिमंडळातले भारतीय सदस्य ते पुन्हा स्वस्त करा म्हणून सरकारशी भांडले. हातात सत्ता नाही, पण टपालाचे दर अर्थविधेयकातून सभागृहात येत, म्हणून एका पैशावर भाषणं! गिरणीतला चाकरमानी घरी खुशाली कळवायचा ती याच कार्डावर, आणि ओटीवरच्या म्हातारीचा प्रश्न एकच: “मनीऑर्डर इली काय रे?” आता सेवांचे दर ठरवायचा अधिकार टपाल खात्याच्या महासंचालकांकडे आहे, तेव्हा भाषणांचे श्रम वाचले.

तरीही पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारात आला, तर त्याला हे काही विचारू नका. ओढ्यावरच्या साकवाचं, म्हणजे छोट्या पुलाचं विचारा. तो साकवाचं आश्वासन देईल, आणि पाकीट पावसाळ्यात अडकलंच तर दोष ओढ्याला देता येईल.